सतरा डब्यांतली एकच चिठ्ठी

जोतिरामने सेन्सर काउंटरच्या काचेवर आदळला तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे बारा. सोलापुरात जुन्या पुणे नाक्याजवळच्या त्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात पंखा नुसती गरम हवा ढवळत होता.

"मालक, त्या मोडनिंबच्या गाडीला बसवलेला हा दुसरा," जोतिराम म्हणाला. "आन् ह्या खेपेला बाईमाणसाचं मनगट मोडलंय."

मालक मल्लप्पा गल्ल्यामागे बसले होते. त्यांनी सेन्सरकडे न बघताच विचारलं, "वायरिंग बघितलीस का?"

"बघितली."

"टर्बो?"

"टर्बो चांगला हाय. नळ्या चांगल्या हायत. माल खराब हाय तुमचा."

"बाहेरचा माल म्हणजे थोडं इकडं-तिकडं व्हायचंच की. एवढं असेल तर शोरूमला जा. तिथं चौपट मोज."

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला सावित्रम्मा उभ्या होत्या. त्यांनी तो सेन्सर उचलला, पुसला आणि त्याचा रिकामा डबा जोतिरामकडून मागून घेतला. पण 'बाहेरचा माल म्हणजे असंच' हे त्यांना फार झोंबलं. कारण दुकानात त्याच किमतीच्या आसपासचे दुसऱ्या दोन कंपन्यांचे सेन्सर वर्षानुवर्षं विकले जात होते आणि त्यांची एक तक्रार आली नव्हती. बाहेरचा माल चांगला असतो, फक्त तो निवडावा लागतो. न निवडता घ्यायचा आणि मग सगळ्याच बाहेरच्या मालाला नावं ठेवायची, हे त्यांच्या डोक्यात बसेना.

सावित्रम्मा म्याकल माझ्या शेजारच्या गल्लीत राहतात, म्हणून ही हकीकत मला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळाली. वय बावन्न-त्रेपन्न. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. शिक्षण सातवी. विसाव्या वर्षापासून सव्वीस वर्षं त्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होत्या. यंत्रमागावरून उतरलेला प्रत्येक टॉवेल उजेडासमोर धरायचा, धागा सुटलाय का, कडा वाकडी गेलीय का, वजन बसतंय का बघायचं आणि मग आपल्या नंबराचं लेबल लावायचं. त्यांचा नंबर नऊ. परदेशातून माल परत आला की सुपरवायझर लेबल बघून थेट त्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. सव्वीस वर्षांत तो त्यांच्यापाशी दोनदा आला. ते दोन्ही टॉवेल कोणत्या रंगाचे होते हे त्या आजही सांगतात.

लॉकडाऊनच्या वर्षी कारखान्याला कुलूप लागलं. ओळखीतून त्या मल्लप्पांच्या दुकानात डबे लावायच्या कामाला आल्या. सहा महिन्यांत त्यांना भागांचे नंबर पाठ झाले आणि मल्लप्पांनी त्यांना काउंटरवर उभं केलं. सुरुवातीला मेकॅनिक लोक म्हणायचे, "अक्का, दुसऱ्या कुणाला बोलवा." पुढे तेच लोक फोनवर विचारायला लागले, "अक्का हायत का? मग येतो."

टर्बोच्या गाडीत हवा दाबून इंजिनात ढकलली जाते. ती किती दाबली गेली हे मोजून गाडीच्या कॉम्प्युटरला सांगायचं काम हा अंगठ्याएवढा सेन्सर करतो. कॉम्प्युटर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. सेन्सरने दाब आहे त्याच्यापेक्षा जास्त सांगितला, की इंजिनला धोका नको म्हणून कॉम्प्युटर डिझेल कापतो. मग पाय कितीही दाबा, गाडी सायकलच्या वेगाने सरकते. भाग छोटा, पण तो खोटं बोलला तर हायवेवर जीवावर बेतू शकतं.

मोडनिंबच्या धोंडीरामांवर ते बेतलं होतं. हा माणूस तीस वर्षं ट्रक चालवून घरी आलेला. आता शेती बघायची आणि हौसेने घेतलेली जुनी डिझेल गाडी चालवायची. गाडीला दम राहिला नाही म्हणून त्यांनी ती जोतिरामच्या गॅरेजात आणली. जोतिराम मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. देगावच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. मूळचा सेन्सर दीड लाख किलोमीटर पळून मेला होता, म्हणून त्याने मल्लप्पांकडून नवा नेऊन बसवला. आठवड्यात तक्रार आली. सकाळी गाडी पळते, दुपारी बसते. जोतिरामने दुसरा बसवला. मग एका दुपारी अडीच वाजता, सोलापुराहून घरी जाताना, धोंडीराम एका कंटेनरला मागे टाकत होते आणि गाडी कंटेनरच्या बरोबरीलाच बसली. मागून जोरात आलेली बस हॉर्न वाजवत येऊन धडकली. गाडी दुभाजकावर चढली. शेजारी बसलेल्या सोजरबाईंनी समोर हात टेकला होता, त्यांचं मनगट मोडलं. बसमधली माणसं खाली उतरून धोंडीरामांनाच बोलली. म्हातारपणी झेपत नाही तर गाडी काढता कशाला, म्हणून.

हे सगळं जोतिरामने दुकानात सांगितलं, तेव्हा मल्लप्पा म्हणाले, "बसवाल्याची चूक दिसते." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दुपारी मल्लप्पा जेवायला घरी गेले. सावित्रम्मांनी त्या कंपनीचं खोकं फळीवरून खाली घेतलं. फेब्रुवारीत पुण्याच्या एका नव्या वितरकाकडून चाळीस सेन्सर आले होते. तेवीस विकले गेले होते, सतरा शिल्लक होते. डबा देखणा, निळा, वर चकचकीत शिक्का. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी होती. 'तपासणी अहवाल.' त्यात पाच वेगवेगळ्या दाबांना सेन्सरने किती व्होल्ट दाखवले त्याचे आकडे आणि खाली 'तपासणारा' पुढे एक गिचमिड सही.

त्यांनी पहिली चिठ्ठी वाचली, मग दुसरी. मग सतराही चिठ्ठ्या काउंटरवर ओळीने मांडल्या. पाचही आकडे सतरा ठिकाणी तेच. दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत तेच. सहीतला शाईचा बारीक ठिपकासुद्धा सतरा चिठ्ठ्यांवर एकाच जागी.

"एका मागावरचे दोन टॉवेल वजनाला कधी सारखे भरत न्हाईत," त्या मला म्हणाल्या. "थोडं तरी मागंपुढं होतंच. हितं सतरा जिनसा सारख्या? म्हंजे एकच कागद छापला आन् डब्यात टाकला. कुणी काय तपासलंच न्हाई. आन् वर सही?"

हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. माल खराब निघणं त्यांना समजत होतं. माग बिघडतो, धागा तुटतो, माणूस चुकतो. पण तपासलंच नाही आणि तपासलं म्हणून लिहिलं, हे त्यांच्या सव्वीस वर्षांच्या कामाची थट्टा केल्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्या सतरा डबे पिशवीत घालून रिक्षाने देगावच्या रस्त्याला गेल्या. मालकांना विचारलं नव्हतं. जोतिरामने चांगल्या चाललेल्या एका गाडीच्या सेन्सरचा प्लग काढून तिला एकेक सेन्सर जोडला आणि कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा स्कॅनर लावला. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली. अशा वेळी सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. सोलापूर समुद्रापासून उंचावर असल्यामुळे इथं तो आकडा शंभराच्या थोडा खाली, पंचाण्णव-शहाण्णव असा येतो. सतराही सेन्सरनी तो बरोबर दाखवला. हातपंपाने हवा भरली, आकडा नीट चढला. जोतिराम डोकं खाजवायला लागला.

"थंड हायत म्हणून," सावित्रम्मा म्हणाल्या. "तक्रारी कवा येतात तू सांग. सगळ्या दुपारच्या."

मग त्यांनी गॅरेजातल्या शेगडीवर पाणी तापवलं. सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला आणि गरमच गाडीला जोडला. पंप लावला नव्हता, इंजिन बंद होतं, तरी आकडा एकशे अठरावर. दुसरा एकशे अकरा. तिसरा बरोबर. चौथा एकशे चोवीस. सतरातले अकरा सेन्सर गरम झाले की हवेचा दाब वाढवून सांगत होते. दुकानात वर्षानुवर्षं विकल्या जाणाऱ्या कंपनीचे दोन सेन्सरही त्यांनी बरोबर आणले होते, मग तेही त्याच पाण्यात बुडवले. आकडा एकाने हलला. त्या दोन्ही डब्यांतल्या चिठ्ठ्यांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, हेही त्यांनी जोतिरामला दाखवलं.

जोतिराम स्टुलावर बसून राहिला. "अक्का, मी त्या माणसाला म्हणालो, तुमी डिझेल कुटलंबी भरता," तो म्हणाला. "दोनदा म्हणालो. त्यो काय बोलला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रम्मांनी मल्लप्पांपुढे चिठ्ठ्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मल्लप्पांनी चिठ्ठ्या वाचल्या. ते मूर्ख नाहीत, त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "ठीक आहे. उरलेले परत पाठवतो. ते बदलून देतील."

"आन् जे गेले ते? तेवीस?"

"ज्याची तक्रार येईल त्याला बदलून द्यायचं."

"तक्रार यायच्या आधी गाडी दुभाजकावर चढली तर?"

"अक्का, आपणच फोन करून सांगायचं का, आमचा माल खराब आहे म्हणून? बाजारात राहायचंय मला. आणि अकरा खराब आहेत ना? मग सहा चांगले आहेत. ते तेवढे राहू देत फळीवर."

सावित्रम्मांनी त्यांच्याकडे बघितलं. "मालक, तुमच्या ऋतुजाच्या गाडीला घालाल का त्या सहातला एक?"

ऋतुजा ही मल्लप्पांची सून. रोज गाडीने अक्कलकोटला शाळेत शिकवायला जाते. मल्लप्पा रागाने उठले. घरच्या माणसांना मध्ये आणायचं काम नाही, म्हणाले. काउंटरवर उभं राहायचं तर काउंटरपुरतं बोला, म्हणाले.

सावित्रम्मांनी फोन केले. दुकानाच्या फोनवरून नाही, आपल्या मोबाइलवरून, जेवणाच्या सुट्टीत, मागच्या गोदामात उभं राहून. कोणत्या गॅरेजला किती सेन्सर दिले हे त्यांना बहुतेक आठवत होतं. काहींनी आभार मानले. एकाने विचारलं, "मालकाला ठाऊक हाय का तुमी हे सांगताय?" एक जण शिव्या देऊन फोन ठेवून मोकळा झाला. नातेपुत्याच्या एका गॅरेजवाल्याने तर कमालच केली. तो म्हणाला, "आमाला ठावं हाय की. दुपारी बसते गाडी. आमी गिऱ्हाइकाला सांगतो, उन्हाचं जोरात पळवू नका."

"म्हंजे लोकांना तसंच पाठवता?"

"मग काय करू अक्का? तुमीच दिलाय की माल."

त्यांनीच दिला होता. तेवीसपैकी जवळपास सगळे डबे त्यांच्याच हातून गेले होते, तेही 'घ्या, चांगला दिसतोय' म्हणून. ही गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त खात होती आणि मला सांगताना त्या तिथं येऊन दरवेळी थांबायच्या.

पंधरा दिवसांनी वितरकाचा माणूस आला. अजिंक्य नाव, तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब्लेट. मल्लप्पांनी त्याला सरबत दिलं. तो म्हणाला, कडक उन्हाळ्यात असं एखाद्या लॉटमध्ये होतं, परत घेतो, नवा लॉट देतो, वर दोन टक्के सूटही देतो. सगळं गोड बोलणं. सावित्रम्मांनी एक चिठ्ठी त्याच्यासमोर धरली.

"ही सही कुणाची?"

"मॅडम, तो फॉरमॅट असतो."

"सही कुणाची, विचारते मी. तपासणारा म्हणून लिवलंय. माणूस कोण? नाव सांगा."

अजिंक्य हसला. "मॅडम, तुम्ही आधी टॉवेल तपासायच्या ना? मालक सांगत होते. हे इलेक्ट्रॉनिक्स आहे. यात तसं एकेक हातात धरून बघत नसतात."

"मग कसं बघतात?"

तो मल्लप्पांकडे वळला. मल्लप्पा टेबलावरची पावती वाचत बसले. अजिंक्यने सरबत संपवलं आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो, खोकं तयार ठेवा.

त्या आठवड्यात दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी सावित्रम्मा एसटीने मोडनिंबला गेल्या. जोतिरामने पत्ता दिला होता. स्वतः यायला तो तयार नव्हता, कोणत्या तोंडाने जाऊ म्हणाला.

धोंडीराम अंगणात बाजेवर बसले होते. गाडी गोठ्याशेजारी उभी होती, पुढचा भाग चेपलेला, वर ताडपत्री. सोजरबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. सावित्रम्मांनी आपलं नाव सांगितलं, कुठल्या दुकानात काम करतात ते सांगितलं आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "दादा, तुमची चूक नव्हती. सेन्सर खराब होता. गरम झाला की खोटा आकडा द्यायचा. आम्ही पाण्यात घालून बघितलंय."

धोंडीराम बाजेवर सरसावून बसले.

"कवा कळलं तुमाला हे?"

"झाले वीसेक दिवस."

"इस दिवस," ते म्हणाले. "इस दिवस मी हितं बसून हाय. पोरगं म्हणतंय, आबा, आता तुमी गाडीला हात लावू नका. जावई म्हणतंय, डोळं तपासून घ्या. हिचं भाऊ आलं, ते बी तेच. तीस वर्सं मी ट्रक चालवला, बाई. दिल्ली, कलकत्ता. कुणाला खरचटलं न्हाई माझ्या हातनं. आन् मला सोताला वाटाया लागलं, गियर चुकला आसंल. पाय चुकला आसंल." त्यांचा आवाज बसका होता. "त्यो सेन्सर कुणी दिला? तुमीच दिला न्हवं?"

"व्हय. मीच दिला."

सोजरबाई आत जायला निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. धोंडीरामांनी मुलाला हाक मारून कागद आणि पेन आणायला सांगितलं.

"हे आत्ता जे बोलला ते लिवून द्याल का?"

सावित्रम्मांनी लिहून दिलं. दीड पान. कोणत्या महिन्यात किती सेन्सर आले, चिठ्ठ्यांवर काय होतं, गरम पाण्यात किती आकडा आला. खाली नाव, पत्ता, सही. आपल्या मालकाच्या दुकानाचं नावही लिहिलं.

महिन्याभरात वकिलाची नोटीस आली. एक दुकानाला, एक पुण्याच्या वितरकाला. सोबत त्या दीड पानाची प्रत होती. मल्लप्पांनी ती वाचली, घडी केली आणि म्हणाले, "अक्का, उद्यापासून येऊ नका."

सावित्रम्मा पिशवी घेऊन निघून गेल्या आणि अठरा दिवस घरी बसल्या. त्या अठरा दिवसांत मी त्यांच्या दारावरून जायचो तेव्हा त्या उंबऱ्यात बसून गल्लीतल्या पोरांवर ओरडत असायच्या. एरवी त्या पोरांवर कधी ओरडत नाहीत. लोक सांगायला यायचे, कशाला भानगडीत पडलात, मालकाशी वैर कशाला घेतलंत. त्या प्रत्येकाला विचारायच्या, "तुमच्या बायकोचा हात मोडला असता तर?" आणि लोक विषय बदलायचे. चांगल्या कामाला लोक अडाणीपणा म्हणतात, हे मी आमच्या गल्लीत त्या दिवसांत पुरेपूर बघितलं. मीही त्यांना एकदा म्हणालो होतो, थोडं सबुरीनं घ्यायला हवं होतं. ते मला आजही लागतं.

अठराव्या दिवशी मल्लप्पा स्वतः आले. उपरती होऊन आले असं मी म्हणणार नाही. वितरकाने त्यांना कळवलं होतं की दुकानदाराने माल नीट ठेवला नाही, उन्हात ठेवला, म्हणून बिघडला. म्हणजे सगळं खापर मल्लप्पांच्या डोक्यावर. आता त्यांना त्या चिठ्ठ्या हव्या होत्या, पाण्यातली तपासणी हवी होती आणि ती सांगणारं माणूस हवं होतं.

ते उंबऱ्यात उभे राहिले. "अक्का, या परत."

"येते. पण ते सतरा कुटं हायत?"

"गोदामात. त्यांनी गाडी पाठवली होती, मी दिले नाहीत अजून. परत दिले तर ते बिल वळते करतील म्हणतात."

"परत दिले तर ते दुसऱ्या गावाला विकतील. तुमाला बी ठावं हाय."

मल्लप्पांनी मान डोलावली.

"तीन पुराव्याला ठेवा. बाकीचे फोडा. तुमी फोडा, तुमच्या हातानं. मग येते."

मल्लप्पांनी गल्लीत इकडंतिकडं बघितलं. शेजारची गुरम्मा भांडी घासता घासता थांबून बघत होती. शेवटी ते म्हणाले, "चला."

दुकानामागच्या फरशीवर त्यांनी चौदा सेन्सर हातोड्याने फोडले. एकेक ठेवून, एकेक घाव घालून. चांगले म्हणून वेगळे काढलेले सहाही त्यात होते, पुराव्याचे तिन्ही खराबांतलेच ठेवले होते. शेवटच्या घावापर्यंत सावित्रम्मा तिथं उभ्या होत्या. मल्लप्पांना घाम आला होता. हातोडा खाली ठेवून ते म्हणाले, "ऋतुजाच्या गाडीत त्यातलाच होता. मार्चमध्ये मीच बसवून घेतला होता. तुम्ही म्हणालात त्याच रात्री काढला."

सावित्रम्मा सांगतात, त्या क्षणी त्यांना मल्लप्पांची कीव यायला हवी होती. पण त्यांना संताप आला. सुनेच्या गाडीतला त्याच रात्री काढला, आणि बाकीच्यांची तक्रार येईपर्यंत थांबायचं? त्यांनी हे तोंडावर बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून उरलेले फोन दुकानाच्या फोनवरून झाले, आणि काही मल्लप्पांनी स्वतः केले.

वितरकाने शेवटी तडजोडीचा कागद पाठवला. गाडीची दुरुस्ती आणि दवाखान्याचा खर्च द्यायला ते तयार होते. मल्लप्पांच्या दुकानात धोंडीराम, त्यांचा मुलगा, त्यांचे वकील आणि सावित्रम्मा बसले. कागद सावित्रम्मांनी मोठ्याने वाचला. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की मालात कोणताही दोष नसताना केवळ सदिच्छेपोटी ही रक्कम देण्यात येत आहे. त्या तिथं थांबल्या.

वकील म्हणाले, "असं लिहावंच लागतं. पैसे मिळतायत ना?"

धोंडीरामांनी पेन टेबलावर ठेवलं. "दोष नव्हता तर मग दोष माझा ठरतो," ते म्हणाले. "पैसं ठेवा तुमी. एक वळ लिवा, सेन्सर खराब हुता. मग सही करतो."

वकिलांनी समजावलं, मुलाने समजावलं. धोंडीराम हलले नाहीत. कागद पुण्याला परत गेला. दहा दिवस काही आलं नाही. मग नवा कागद आला, त्यात त्या परिच्छेदाच्या जागी 'पुरवलेला सेन्सर सदोष आढळला' एवढंच लिहिलेलं होतं. धोंडीरामांनी सही केली. त्याची एक झेरॉक्स काढून त्यांनी मुलाच्या हातात दिली आणि दुसरी जावयाला टपालाने पाठवली.

गाडी आता चालते. जोतिरामने ती मोडनिंबहून ओढून आणली, दुरुस्त केली, त्यात सावित्रम्मांनी निवडून दिलेला सेन्सर बसवला आणि दुपारी दोन वाजता, कडक उन्हात, धोंडीरामांना स्टिअरिंगवर बसवून टेंभुर्णीपर्यंत नेऊन आणलं. सोजरबाई अजून पुढच्या सीटवर बसल्या की दाराचं कडं धरून बसतात.

दुकानात आता कुठल्याही नव्या कंपनीचा सेन्सर आला की त्याच्या खोक्यातले पाच डबे उघडले जातात, चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या जातात आणि एखादा गरम पाण्यात जातो. सेन्सर किती दाबापर्यंत मोजतो ती रेंज बघितली जाते, कारण प्लग सारखा असला तरी अडीच बारचा आणि तीन बारचा सेन्सर वेगळा असतो, चुकून बसला तर तोही खोटंच सांगतो. खालची रबराची रिंग नखाने दाबून बघितली जाते. गिऱ्हाइकाला घाई असते. "अक्का, द्या की पटकन," म्हणतात. त्या देत नाहीत. कुणी म्हणतं, पलीकडच्या दुकानात निम्म्यात मिळतो. "मग तिकडून घ्या," म्हणतात. "पण त्यांना चिठ्ठी मागा आन् सही कुणाची ते विचारा."

तेवीसपैकी एकोणीस सेन्सर सापडले आणि बदलले. चार सापडले नाहीत. ते रोखीने नेलेले, नेणाऱ्याचं नाव-गाव नाही. एक जण पांढरी टोपी घातलेला होता, एकाबरोबर लहान मुलगी होती, एवढंच सावित्रम्मांना आठवतं. उन्हाळा लागला की त्या काउंटरवर आलेल्या प्रत्येक मेकॅनिकला विचारतात, "दुपारी बसणारी गाडी आलीय का कुठली? निळ्या डब्यातला सेन्सर?" अजून कुणी हो म्हणालेलं नाही. वितरक मात्र पुण्यातच आहे, धंदा चालू आहे, फक्त डबे आता निळ्याऐवजी हिरवे आहेत असं ऐकतो.